नकाराची संहिता

कलेच्या इतिहासात कलावंताला नकार देणारे पुष्कळ झाले. आश्रयदात्याने नाकारले, धर्मपीठाने नाकारले, सरकारने नाकारले, प्रकाशकाने हस्तलिखित साभार परत केले. परंतु कुंचल्यानेच 'हे चित्र मी काढणार नाही' असे म्हटल्याचे उदाहरण अगदी अलीकडेपर्यंत सापडत नाही. साधन हट्टी असू शकते. संगमरवराची शीर भलत्याच दिशेला जाते, जलरंग ओल्या कागदावर आवरत नाहीत. हा हट्ट द्रव्याचा असतो आणि त्याला मत नसते. चित्राचा विषय कोणता आहे हे पाहून शाई वाळायची थांबत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या चित्रसंपादनाच्या साधनांनी ही स्थिती पालटली आहे. विषय ओळखून हात आखडता घेणारे साधन प्रथमच कलावंताच्या हाती आले आहे, आणि या घटनेची चिकित्सा केवळ तंत्रज्ञांवर सोपवून साहित्य-कलासमीक्षेला स्वस्थ बसता येणार नाही.

या नकाराचा आरंभ साधा, किंबहुना निरुपद्रवी होता. २००३ साली बाजारात आलेल्या 'फोटोशॉप'च्या आवृत्तीत चलनी नोटांचे चित्र ओळखून ते उघडण्यास नकार देणारी योजना बसविलेली होती. मध्यवर्ती बँकांच्या एका गटाच्या सांगण्यावरून ती आली होती आणि तिची कार्यपद्धती गुप्त ठेवण्यात आली होती. ग्राहकांना तिचा पत्ता लागला तो वापरताना अडल्यावर, २००४ च्या जानेवारीत. नोटांची बनावट करणाऱ्यांची बाजू घेण्याचे कोणाला कारण नव्हते, म्हणून हा प्रसंग फारसा गाजला नाही. पण नोटेचे चित्र हा काही चित्रकारांच्या सर्जनाचाही विषय आहे. अमेरिकेतील जे. एस. जी. बॉग्ज यांनी नोटांची रेखाटने करण्यातच आयुष्य घालविले आणि त्यापायी इंग्लंडमध्ये खटल्याला तोंड दिले. बनावटखोर आणि बॉग्ज यांच्यातील फरक न्यायालयाला ऐकून घ्यावा लागला. साधनाला तो ऐकून घेण्याचे कारण नव्हते. पुढे जे घडले त्याचे बीज या लहानशा गोष्टीत आहे.

२०२२ हे वर्ष या संदर्भात निर्णायक ठरले. शब्दांवरून चित्र रचणारी आणि दिलेल्या चित्रात शब्दांबरहुकूम फेरफार करणारी साधने त्या वर्षी सर्वसामान्यांच्या हाती आली. त्यांचा नकार तीन ठिकाणी येऊ शकतो. मागणीच्या शब्दांत, पुरविलेल्या छायाचित्रात, आणि यंत्राने चित्र तयार केल्यानंतर ते दाखविण्यापूर्वी. तिसरी जागा विशेष विचार करण्याजोगी आहे. 'स्टेबल डिफ्यूजन' या त्या वर्षी खुल्या झालेल्या प्रणालीत चित्र पुरे झाल्यावर त्याची एका गाळणीतून तपासणी होई आणि ते आक्षेपार्ह ठरल्यास पाहणाऱ्यासमोर नुसता काळा चौकोन येई. आक्षेपार्ह म्हणजे काय, याची यादी शब्दांत दिलेलीच नव्हती. ती आकड्यांच्या स्वरूपात दडविलेली होती. झ्युरिच येथील संशोधकांनी ती उलगडून दाखविली तेव्हा तिच्यात १७ संकल्पना निघाल्या आणि त्या सर्व लैंगिकतेशी संबंधित होत्या. हिंसा तिच्यात नव्हतीच. रक्तपाताला ही गाळणी आडकाठी करीत नव्हती, उघडी पाठ मात्र तिला खुपण्याचा संभव होता. प्रत्येक नियंत्रणाच्या पोटात एक नीतिकल्पना असते. इथली नीतिकल्पना आकड्यांच्या बुरख्याआड होती, एवढेच वेगळे. शिवाय, ज्याला तंत्र अवगत आहे त्याला ही गाळणी काढून टाकणे मुळीच अवघड नव्हते. म्हणजे तिने अडविले ते आज्ञाधारकांना.

या गाळणीसमोर आपल्याकडील शिल्पे ठेवून पाहावीत, म्हणजे प्रश्नाची खोली ध्यानात येते. रायपूरहून बिलासपूरकडे जाताना मनियारी नदीच्या काठी ताला हे गाव लागते. तेथील देवराणी-जेठाणी मंदिरांच्या परिसरात १९८८ साली एक भव्य मूर्ती उकरून काढण्यात आली. तिला 'रुद्रशिव' म्हणण्याचा प्रघात पडला असला तरी ती नेमकी कोणाची याविषयी विद्वानांत एकमत नाही. तिचे शरीर प्राण्यांनी घडले आहे. डोक्यावर सर्पांचे वेटोळे, नाकाच्या जागी सरडा, मिशांच्या जागी मासे, कानांच्या जागी मोर, खांद्यांना मगरमुखे, छाती-पोटावर आणि मांड्यांवर मानवी चेहरे, आणि लिंगाच्या जागी कासव. लिंग आहे, पण ते कासव आहे. कासव आहे, पण ते लिंगच आहे. पाहणाऱ्याला भय, विस्मय आणि किंचित हसू अशा तिन्ही भावांतून नेणारी ही प्रतिमा कोणत्याही एका सदरात मावत नाही. रायपूरच्या वायव्येस, कबीरधाम जिल्ह्यात, अकराव्या शतकातील भोरमदेवाच्या मंदिराच्या बाह्य भिंतीवर मिथुनशिल्पे आहेत. एखाद्या अभ्यासकाला त्यांतील झिजलेल्या मूर्तींची रेषा संगणकावर पुन्हा जुळवून पाहावयाची असेल, तर साधनाच्या लेखी ती झीज, ती शतके, ते देवालय यांतले काहीच नसते. उरते ते केवळ त्वचेचे प्रमाण आणि अवयवांची ठेवण. शिल्पाची जात ओळखण्यासाठी लागणारा संदर्भ बाजूला सारूनच गाळणीचे काम सुरू होते.

हा केवळ तर्क नव्हे. व्हिएन्नाच्या संग्रहालयातील 'विलेनडॉर्फची व्हीनस' ही सुमारे ३०,००० वर्षांपूर्वीची, जेमतेम ११ सेंटिमीटर उंचीची मूर्ती फेसबुकने नग्नतेच्या कारणावरून हटविली होती. संग्रहालयाने २०१८ साली जाहीर निषेध केल्यावर चूक मान्य करण्यात आली. संग्रहालय मोठे होते, मूर्ती जगद्विख्यात होती, म्हणून चूक चूक ठरली. भोरमदेवाच्या भिंतीवरील अनामिक शिल्पाची रेषा जुळविणाऱ्या विद्यार्थ्याच्या पाठीशी कोण उभे राहणार, हा प्रश्न तसाच राहतो.

आता जुन्या नकारांकडे वळावयास हवे. कारण त्यांच्याशी तुलना केल्याखेरीज नव्याचे स्वरूप कळत नाही. १९५४ साली मुंबईच्या जहांगीर कलादालनात अकबर पदमसी यांची 'लव्हर्स' या मालिकेतील चित्रे लागली होती. पोलिसांनी ती काढण्यास सांगितले, पदमसींनी ती काढली नाहीत, खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. त्यानंतर बरोबर ७० वर्षांनी याच चित्रकाराचे नाव पुन्हा मुंबईतल्या न्यायालयात यावे हा योगायोग बोलका आहे. परदेशातील लिलावांतून खरेदी केलेल्या पदमसी आणि गोव्याच्या साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सोझा यांच्या सात कलाकृती सीमाशुल्क खात्याने अश्लील म्हणून अडविल्या. १ जुलै २०२४ च्या आदेशाने त्या जप्त तर केल्याच, पण त्या नष्ट करण्याची पाळी आली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये हा आदेश रद्द केला. प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसते, आणि तज्ज्ञांची मते बाजूला सारून अधिकाऱ्याने आपली वैयक्तिक रुची कायद्याच्या जागी बसविणे योग्य नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय होता. सोझांनी हयातीत पुष्कळ नकार पचविले. मृत्यूनंतर २२ वर्षांनी त्यांच्या रेषांना मायदेशाच्या उंबरठ्यावर जामीन मिळवावा लागला.

या दोन प्रसंगांच्या मध्ये 'सखाराम बाइंडर' आहे. १९७२ साली विजय तेंडुलकरांच्या या नाटकाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाने अडविले. दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि प्रयोगाची वाट मोकळी करून घेतली. परिनिरीक्षण हेही पूर्वनियंत्रणच, आणि त्याचे समर्थन करता येत नाही. तरीही तेथे संहिता आधी लिहून झालेली असे. कोणत्या वाक्याला हरकत आहे ते कागदावर येई. हरकत घेणाऱ्यांना चेहरा असे, पद असे, आणि त्यांच्यावर रागावता येई. सारंगांचे 'बाइंडरचे दिवस' हे पुस्तक या रागातून, धावपळीतून आणि कोर्टाच्या पायऱ्यांतून जन्मले. मराठी नाट्यव्यवहाराचा तो मोलाचा दस्तऐवज आहे. नकाराने स्वतःच्या विरोधातली संहिता निर्माण केली, असे त्याविषयी म्हणता येईल.

चित्रसंपादनाच्या साधनाचा नकार अशी कोणतीही संहिता मागे ठेवीत नाही. तो चित्र होण्यापूर्वी येतो, किंवा झालेले चित्र कोणी पाहण्यापूर्वी. 'ही मागणी आमच्या धोरणात बसत नाही' अशा आशयाचे एक सपाट वाक्य तेवढे मिळते. कोणते धोरण, त्यातले कोणते कलम, मागणीतला कोणता शब्द, हे बहुधा उमगत नाही. तोच शब्द दुसऱ्या दिवशी चालूनही जातो. त्यातून ही साधने खासगी कंपन्यांची. अभिव्यक्तिस्वातंत्र्याची घटनात्मक हमी मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध आहे. सारंगांना जो दरवाजा ठोठावता आला तो इथे बहुतांशी बंदच आहे. धोरण सैल झाले तरी तेही कोणत्या राजपत्रात छापून येत नाही. २०२५ च्या मार्चमध्ये एका अग्रगण्य कंपनीने सार्वजनिक जीवनातील व्यक्तींची चित्रे काढण्याविषयीचे आपले निर्बंध बरेच शिथिल केले. ज्या व्यंगचित्राला आदल्या महिन्यात नकार होता त्याला होकार मिळू लागला. हा निर्णय स्वागतार्ह असेल, परंतु तो दान म्हणून आला. मागून मिळालेला अधिकार आणि न मागता मिळालेली सवलत यांतील फरक कलावंताने विसरू नये.

रायपूरचे नाव नियंत्रणाच्या इतिहासात ज्या प्रसंगाने आले तो या विवेचनाला आणखी एका बाजूने उजेड देतो. हबीब तन्वीर यांचा जन्म १९२३ साली रायपूरचा, पदवीचे शिक्षण नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयातले. त्यांचे 'चरणदास चोर' हे विजयदान देथांच्या राजस्थानी कथेवरून सिद्ध झालेले नाटक छत्तीसगढी बोलीचे आणि पंथी गीतांचे लेणे लेवून जगभर गेले. १९८२ साली एडिंबरोच्या महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला. त्याचा पहिला कच्चा खर्डा भिलाई येथे उघड्या मैदानावर, पंथी नृत्यासाठी जमलेल्या सतनामी लोकांसमोर झाला होता. तन्वीर ८ जून २००९ रोजी निवर्तले आणि दोनच महिन्यांत छत्तीसगढ शासनाने नाटकाच्या पुस्तकावर बंदी आणली. आक्षेप सतनामी समाजाच्या धर्मगुरूंचा होता. बंदी पुस्तकावर की प्रयोगावर, याविषयी काही काळ गोंधळच होता; पुढे शासनाने ती पुस्तकापुरती असल्याचे सांगितले. ज्या समाजाच्या अंगणात नाटक रांगले त्याच्याच नावाने ते अडविले जावे, यातील वेदना खरी आहे. परंतु एवढेच म्हणून थांबणे सतनामींवर अन्याय करणारे होईल. शतकानुशतके अवमान सोसलेल्या समाजाला आपल्या गुरूविषयीच्या एका वाक्याने घायाळ व्हावेसे वाटणे ही उथळ भावना नव्हे. महत्त्वाचे हे की आक्षेप कोणाचा ते माहीत होते. त्याच्याशी वाद घालता येत होता, त्याला समजावून सांगता येत होते, आणि त्याच्याकडून काही समजूनही घेता येत होते.

या नाटकाचा गाभाच नियम हा आहे. चरणदास थट्टेत चार शपथा घेतो. सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवर बसून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. चोराच्या वाट्याला यांतले काय येणार, म्हणून त्या स्वस्त असतात. गुरू पाचवी घालतो: खोटे बोलू नकोस. मग एकेक करून ते सगळे दारात येते, आणि चरणदास आपला नियम अक्षरशः पाळत जातो, पाळता पाळता मरतो. अक्षरशः पाळलेला नियम हास्यास्पद कसा होतो आणि त्याच वेळी उदात्त कसा होतो, हे एकाच प्रसंगात दाखविणे ही तन्वीरांची नाट्यदृष्टी. साधनातली गाळणीही नियम अक्षरशः पाळते, पण तिच्या वाट्याला उदात्तता येत नाही. कारण चरणदास नियमाची किंमत स्वतःच्या प्राणाने देतो आणि गाळणीच्या नियमाची किंमत नेहमी दुसरा कोणी तरी देतो.

नकारापेक्षाही सूक्ष्म असा एक प्रकार आहे, आणि मराठी पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला तो ओळखीचा वाटेल. २०२२ च्या जुलैमध्ये 'डॅल-ई' या साधनाच्या निर्मात्यांनी माणसांच्या चित्रांत वैविध्य आणण्याचा उपाय योजल्याचे जाहीर केले. वापरणाऱ्यांच्या ध्यानात आले की मागणीच्या शब्दांना त्यांच्या नकळत वंश व लिंगदर्शक शब्द जोडले जात आहेत. हेतू चांगला होता, कारण यंत्राला शिकविलेल्या चित्रांत गोऱ्या पुरुषांचा भरणा होता. २०२४ च्या फेब्रुवारीत गूगलच्या 'जेमिनी'ने याच हेतूचा अतिरेक केला. ऐतिहासिक व्यक्तींची चित्रे इतिहासाशी विसंगत येऊ लागली आणि कंपनीला माणसांची चित्रे काढणेच काही काळ थांबवावे लागले. याला काटछाट म्हणता येत नाही. हा प्रक्षेप आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती अशाच भाविक प्रक्षेपांपासून, आणि पुढच्यांनी पुन्हा आपली ओवी घुसडू नये म्हणून त्यांनी बजावूनही ठेवले. तेथे निदान पोथ्या ताडून पाहण्याची सोय होती. यंत्राला दिलेली मूळ मागणी आणि त्याच्या पोटात गेलेली मागणी यांच्या दोन प्रती वापरणाऱ्याला शेजारी ठेवता येत नाहीत.

येथवरच्या विवेचनावरून सर्व निर्बंध काढून टाकावेत असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका चित्रपट अभिनेत्रीचा चेहरा दुसऱ्याच स्त्रीच्या शरीरावर बसविलेली चित्रफीत देशभर पसरली. अन्याय दोघींवर झाला. एकीचा चेहरा पळविला गेला, दुसरीचे शरीर. आणि दुसरीची वास्तपुस्त फारच थोड्यांनी केली. अशा कृत्याला 'कलास्वातंत्र्य' हा शब्द लावणे म्हणजे शब्दाचीच विटंबना. पदमसींच्या चित्रातील प्रेमिक, भोरमदेवाच्या भिंतीवरील युगुले ही कोणा हयात व्यक्तीची नावे धारण करीत नाहीत. खऱ्या माणसाचा चेहरा त्याच्या संमतीवाचून विवस्त्र देहावर चढविणारे साधन त्या माणसावर प्रत्यक्ष हात टाकीत असते. तेथे साधनाने हात आखडता घेतला तर कलेचे काहीच बिघडत नाही. हयात चित्रकारांच्या शैलीची नक्कल करून देण्यास काही साधने नकार देतात, हेही कलावंताच्या बाजूचेच म्हणावे लागेल, जरी शैलीवर कोणाची मालकी असते का हा जुना वाद तेवढ्याने मिटत नसला तरी.

अडचण अशी आहे की साधनाच्या त्या एका सपाट वाक्यात तीन वेगवेगळे हितसंबंध एकत्र नांदतात. एखाद्या स्त्रीच्या देहाचे रक्षण, एखाद्या समूहाच्या भावनेचे रक्षण, आणि कंपनीच्या बाजारपेठेचे रक्षण. पहिल्याला नैतिक बळ निर्विवाद आहे. दुसऱ्याला ते असू शकते, पण ते वादाने सिद्ध व्हावे लागते. 'चरणदास चोर'च्या वेळी तो वाद अर्धवट का होईना झाला. तिसऱ्याला नैतिक बळ मुळीच नाही, आणि व्यवहारात कदाचित तेच सर्वांत प्रभावी असते. तिन्ही नकार एकाच भाषेत, एकाच सुरात येत असल्याने तिसरा पहिल्याच्या पुण्याईवर जगतो. म्हणून नकार कमी करा यापेक्षा नकाराला सही करावयास लावा ही मागणी अधिक मूलगामी आहे. कोणाच्या वतीने, कोणत्या कारणाने, कोणत्या शब्दाला, हे सांगितले गेले की दाद मागण्याची जागा आपोआप तयार होते.

'मग यंत्र सोडावे आणि कुंचला घ्यावा' हे उत्तर कानी येते. दिवाळी अंकांची मुखपृष्ठे करणाऱ्या, पाठ्यपुस्तकांत चित्रे भरणाऱ्या, ठरलेल्या दराने ठरलेल्या दिवशी काम देणाऱ्या चित्रकाराला हे उत्तर देणे क्रूरपणाचे आहे. दीनानाथ दलालांच्या काळी त्याच्याकडून कुंचल्याचे कौशल्य अपेक्षित होते. आज त्याच्याकडून वेग अपेक्षित आहे आणि वेग यंत्राकडे आहे. तो यंत्राशी जुळवून घ्यायला शिकतो. कोणते शब्द टाळावेत, कोणता विषय काढूच नये, हे त्याच्या बोटांना समजू लागते. काही महिन्यांनी ते शब्द त्याच्या मनातही येईनासे होतात. हा खरा धोका आहे, आणि तो कोणत्याही आकडेवारीत उतरणार नाही.

रायपुरातच आयुष्याची अखेर झालेल्या माधवराव सप्रे यांची आठवण येथे अपरिहार्य होते. मराठी मातृभाषेच्या या हिंदी संपादकाला 'हिंदी केसरी'तील लेखांबद्दल १९०८ साली राजद्रोहाखाली अटक झाली. कुटुंबीयांच्या, विशेषतः वडील बंधूंच्या आग्रहापुढे नमून त्यांनी माफीनामा लिहून दिला आणि ते सुटले. तो सल त्यांना गेला नाही. सार्वजनिक जीवनातून ते दूर झाले, रामदासांच्या वाङ्मयात बुडाले, 'दासबोध' हिंदीत आणला, पुढे टिळकांचा 'गीतारहस्य'ही आणला. १९२६ साली ते वारले. सप्रे कोणापुढे वाकले ते त्यांना ठाऊक होते, कोणत्या दिवशी तेही ठाऊक होते. तो कागद त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला होता, आणि पुढची कितीतरी पाने त्या एका पानाला उत्तर म्हणून लिहिली गेली. साधनापुढे बसलेला चित्रकार नाकारला गेलेला शब्द खोडतो, त्या जागी सौम्य शब्द घालतो, आणि चित्र येते. खोडलेला शब्द कोठेच राहत नाही.